वादी नंबर दोन

त्या दिवशी केवळाबाई आणि त्यांची मुलगी लिंबाच्या बुंध्याशी नेहमीच्या जागी बसल्या होत्या, पण बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला कोणीच नव्हतं.

नांदखेडच्या दिवाणी कोर्टासमोर तो लिंब होता. एका दाव्यातली दोन्हीकडची माणसं त्याच्याच सावलीत बसायची, फक्त बुंधा मधे ठेवून. केवळाबाईंचा दावा दिरावर होता. नवरा किसन नरवडे वारला आणि दिरानं, संपतरावांनी, ओढ्याकाठचं सगळं शेत आपल्या नावावर करून घेतलं. त्यातलं अर्धं आमचं, एवढंच बाईंचं म्हणणं. दावा घातला तेव्हा मुलगी कडेवर होती. आता ती लग्नाची झाली होती. दर तारखेला संपतराव फेटा बांधून बुंध्याच्या पलीकडं तंबाखू मळत बसायचे. आज ते नव्हते.

मी त्या कोर्टात शिपाई होतो आणि पुकारा माझ्याकडं होता. आतून कारकून दाव्याचं नाव सांगायचा, मी दारात येऊन ते तीनदा मोठ्यानं म्हणायचो. पुकारा झाल्याशिवाय पक्षकारानं उंबरा ओलांडायचा नाही, अशी शिस्त होती. खेड्यातली माणसं ती इतकी पाळायची, की वकील स्वतः बाहेर येऊन चला म्हणाला तरी म्हणायची, अजून हाक कुठं आलीय.

हे काम मला रसूलभाईंनी शिकवलं. ते निजामाच्या वेळचे शिपाई. म्हातारपणी त्यांचा आवाज बसला आणि पुकारा माझ्याकडं आला. त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. तिसऱ्या हाकेनंतर लगेच आत वळायचं नाही. लिंबाखालून म्हातारं माणूस उठेल, अंग झाडेल, चालत दारापर्यंत येईल, तेवढा वेळ थांबायचं. मगच आत जाऊन सांगायचं, "कोणी नाही, साहेब." तेवढ्या शब्दांत कुणाचं तरी घर जातं, म्हणायचे, घाई करायची नाही.

दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी ती मुलगी पायऱ्यांशी आली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तिनं विचारलं, आमचं नाव कधी येणार. मी म्हणालो, आजच्या बोर्डावर तुमचं नाव पाहिल्यासारखं वाटत नाही, विचारून सांगतो. मागून केवळाबाई हसत म्हणाल्या की नसू दे नाव, दीर आलाच नाही, म्हणजे त्यानं हार खाल्ली. आता नुसता पुकारा व्हायचा राहिलाय, तो झाला की मी ह्या शिपायाला गूळ देणार आहे.

मुलगी हसली नाही.

"काका तारीख चुकवणाऱ्यातले नाहीत," ती म्हणाली. "आजसुद्धा ते कुठंतरी बसलेत. कुठं बसलेत, तेवढं बघून सांगा."

मी नाझरसाहेबांच्या, म्हणजे कोर्टाचं दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, खोलीत गेलो. तिथं भिंतीवर कोर्टाच्या हद्दीचा नकाशा होता, कापडावर चिकटवलेला. मी नोकरीला लागलो तेव्हाच तो जुना झाला होता. एके काळी नांदखेडची हद्द पार डोंगरापर्यंत होती, ती रेघ पुसट दिसायची. मग राज्य बदललं तेव्हा डोंगराकडची गावं तुटली. पुढं राज्य आणखी एकदा बदललं तेव्हा दक्षिणेकडची गावं आली. प्रत्येक वेळी कुणीतरी नवी रेघ मारलेली आणि जुनी तशीच ठेवलेली. सगळ्यात नवी रेघ लाल पेन्सिलीची होती आणि धामणी नदीवरून गेली होती. पळसगावला नवीन कोर्ट झालं होतं. नदीपलीकडची सगळी गावं आता त्याच्याकडं. उमरदरी, म्हणजे नरवड्यांचं गाव, नदीच्या पलीकडं होतं.

नाझरसाहेब म्हणाले, त्या गावांचे चालू दावे मागंच गेले की. तारखा होत्या त्याच ठेवल्यात, फक्त कोर्ट बदललं. वकिलांना कळवलंय.

केवळाबाईंचे वकील मुळावेकर. ते बाररूममध्ये चहा पीत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, अरे, मी निरोप दिला होता. उमरदरीचा नरवडे बाजारात भेटला, त्याच्याजवळच सांगितलं की तुमचा दावा पळसगावला गेला. कुठला नरवडे, विचारल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. फेटेवाला, म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं. पण उठले काही नाहीत. मी नदीपलीकडं वकीलपत्र घेत नाही, एवढंच म्हणाले.

म्हणजे दावा पळसगावात, दीर पळसगावात, आणि वादी नांदखेडच्या लिंबाखाली. वादी आलाच नाही तर दावा काढून टाकतात, हे शिपायालाही माहीत असतं. सकाळच्या पुकाऱ्याला कोणी नसलं तर बहुतेक साहेब एकदा दुपारनंतर नाव घेतात. तेवढीच आशा होती. आणि दुपारची एसटी निघून गेली होती.

मी नाझरसाहेबांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ नकाशाकडं बघत बसले. पळसगावला निकाली दाव्यांचे बस्ते आणि दोन कपाटं पाठवायची होती, टेम्पो मागच्या अंगणात भरून उभा होता, उद्या सकाळी निघायचा होता.

"आजच जाऊ दे," ते म्हणाले. "कपाटांबरोबर माणूस लागतंच, तू जा. आणि हे बघ भानुदास, सामानात आणखी कोण बसलंय ते मी बघितलेलं नाही."

टेम्पोत मागं लाल कापडात बांधलेले बस्ते रचले होते. त्यांवरच दोघी बसल्या, मी कपाटाला धरून उभा राहिलो. केवळाबाईंना आपण हरलो नाही तर फसलोय, हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या रडल्या नाहीत. बुडाखालचा बस्ता चाचपून त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, नदीपलीकडच्या लोकांची संपलेली भांडणं. तेव्हा त्या जरा सरकून बसल्या, दुसऱ्याच्या भांडणावर किती भार द्यायचा म्हणून.

वाटेत त्या बोलतच होत्या. त्यांच्या सासऱ्यांचा एक दावा निजामाच्या मुन्सफापुढं चालला होता, तो कागद उर्दूत होता आणि घरात कुणालाच वाचता येत नव्हता. मग निजाम गेला. मग म्हणे आपण मुंबईकडं आलो, मग म्हणे महाराष्ट्र झाला, आणि दर वेळी गावातला कुणीतरी येऊन सांगायचा की आता आपलं कोर्ट अमुक ठिकाणी.

"आन् मी त्याच चुलीम्होरं बसलेली हाये," त्या म्हणाल्या. "मी कुठं गेलेच न्हाई."

"म्हणून तर काकांचं फावलं," मुलगी म्हणाली.

"द्वारके, पदर धर. वारा लय हाये."

तिचं नाव मला असं कळलं. दाव्यावर ते होतं, पण आतल्या पानावर. वरती लिहिलेलं असायचं, केवळाबाई किसन नरवडे आणि इतर एक, विरुद्ध संपत नरवडे. पुकाऱ्यात पहिलंच नाव घेतात. मी इतकी वर्षं केवळाबाईंच्या नावानं हाक मारत होतो, आणि आई उठली की ही चपला सांभाळत पायरीवर बसायची. मी तिला म्हणालो, तो इतर एक म्हणजे तुम्ही. वादी नंबर दोन.

"मग त्याला कधी बोलावत नाहीत का?" तिनं विचारलं.

"पहिल्याला बोलावलं की झालं."

टेम्पो धामणीच्या पुलावर आला होता. ड्रायव्हर मागं वळून ओरडला की नांदखेडची हद्द संपली, आता शिपायाचा पट्टा खाली ठेवा. केवळाबाईंनी खाली पाण्याकडं वाकून पाहिलं, तिथं खरंच काही रेघ असावी तसं.

पळसगावचं कोर्ट कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात भरत होतं. आम्ही पोचलो तेव्हा कामकाज सुरू होतं. रस्ता खराब, त्यात उपाशी पोट, केवळाबाईंना उतरल्या उतरल्या उलटी झाली. समोर चहाचं हॉटेल होतं, त्याच्या बाकावर मुलीनं त्यांना आडवं केलं. मी द्वारकेला सांगितलं, तुम्ही दाराशी जाऊन बसा, मी मागं टेम्पो लावून आलोच. कपाटं उतरवून घेतल्याशिवाय ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता.

मागच्या बाजूला गोदामाला गजांची खिडकी होती, तिच्यातून आतलं सगळं ऐकू यायचं. मी आणि ड्रायव्हर पहिलं कपाट उचलत होतो आणि आत कारकून नाव वाचत होता. माझ्या लक्षात आलं की तो नुसता वाचतोय. खुर्चीत बसून, बाजूच्या माणसाला सांगावं तसं. नवं कोर्ट, जागा लहान, पुकाऱ्याला माणूस मिळालेला नव्हता. पक्षकार आतच बाकांवर बसलेले. ज्याचं नाव येईल तो उभा राहायचा.

आणि दारातल्या पायरीवर द्वारका बसली होती, हाक यायची वाट बघत. तिला कोण सांगणार की इथं हाक मारत नाहीत.

"केवळाबाई किसन नरवडे आणि इतर एक," कारकून म्हणाला.

संपतरावांचे वकील उठले. म्हणाले, वादी सकाळीही हजर नव्हते, आत्ताही नाहीत. प्रतिवादी इतक्या लांबून येतात. दावा काढून टाकावा. साहेबांनी विचारलं, वादीतर्फे कोणी आहे का, आणि पेन उचललं. ते मला खिडकीतून दिसलं.

मी कपाट सोडलं. ड्रायव्हरच्या पायावर पडता पडता राहिलं, त्यानं मला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. मी गोदामाला वळसा घालून पुढच्या दाराकडं धावलो आणि दारात उभं राहून, नांदखेडला मारायचो तशी हाक मारली.

"केवळाबाई किसन नरवडे, हाजिर हो."

समोरच्या हॉटेलच्या बाकावरून केवळाबाई उठायला लागल्या. हात टेकून उठल्या आणि परत बसल्या. पायांत बळच नव्हतं. मी दुसऱ्यांदा हाक मारली, त्या पुन्हा उठल्या आणि पुन्हा बसल्या. द्वारका पायरीवरून उठून आईकडं निघाली. त्या उठून, रस्ता ओलांडून येईपर्यंत साहेब थांबले नसते. ते नव्या हद्दीतले नवे साहेब, त्यांना रसूलभाई माहीत नव्हते.

तेव्हा मी तिसरी हाक मारली ती वेगळी मारली.

"वादी नंबर दोन, द्वारका किसन नरवडे, हाजिर हो."

रस्त्याच्या मधे ती थबकली. मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग आईकडं. केवळाबाईंनी बाकावर बसल्या बसल्या हातानं तिला जा म्हटलं. ती आली. दाराशी चपला काढल्या, पदर नीट केला आणि माझ्या शेजारून आत गेली.

साहेबांनी आधी मलाच विचारलं, तुम्ही कोण. मी म्हणालो, नांदखेड कोर्टाचा शिपाई, कपाटं घेऊन आलोय. ते म्हणाले, मग कपाटं ठेवा. सगळे हसले. मी हललो नाही. मग त्यांनी तिला नाव विचारलं.

"आत्ता ह्यांनी घेतलं तेच," ती म्हणाली.

"तुम्ही सांगा."

"द्वारका किसन नरवडे."

"वादी नंबर दोन?"

"नंबर माहीत नव्हता," ती म्हणाली. "लहानपणापासून लिंबाखाली बसते. आज पहिल्यांदा बोलावलं."

संपतरावांचे वकील पुन्हा उठले, पण साहेबांनी त्यांना हातानं बसवलं. वादी इतका उशिरा का आला, हे त्यांनी तिलाच विचारलं, आणि तिनं सरळ सांगितलं की आमचं कोर्ट बदललं ते आम्हाला कोणी कळवलं नाही, ज्यांना कळवलं ते सकाळच्या गाडीनं एकटेच आले. साहेबांनी संपतरावांकडं एकदा बघितलं. मग काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर संपतरावांनी मला ऐकू जाईल असं म्हटलं, आता शिपाई वकिली करायला लागले. केवळाबाई तोवर पाणी पिऊन सावरल्या होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "सकाळी सांगितलं असतं तर एकाच गाडीत बोलत बोलत आलो असतो."

संपतराव फेटा सारखा करत निघून गेले. नांदखेडला माझ्यावर कुणी रागावलं नाही. फक्त कपाटाला पोचा आलाय अशी पळसगावची तक्रार आली, ती नाझरसाहेबांनी फाईलला लावून ठेवली.

निकालाला पुढं बरीच वर्षं लागली. अर्धं शेत मिळालं. ते बघायला केवळाबाई होत्या. माझी आणि द्वारकेची सोयरीक त्याच्या आधीच जुळली होती. नरवडे आमच्या नात्यातलेच निघाले, आणि गूळ द्यायचा राहिलाय असं म्हणत केवळाबाई एकदा आमच्या घरी आल्या, त्या सोयरीक ठरवूनच गेल्या.

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. मीही घेतलं नाही. अगं म्हणायचो. मुलगा झाल्यावर रंगनाथची आई म्हणायचो. कोर्टात दिवसभर गावोगावच्या लोकांची नावं ओरडून मी घरी यायचो आणि दारातून अगं म्हणायचो. ती मुद्दाम गप्प बसायची. पुन्हा अगं म्हटलं तरी नाही. तिसऱ्यांदा म्हटलं की आतून म्हणायची, आले, आता कुठं पुकारा पुरा झाला. पाहुणे आले की त्यांना हमखास सांगायची, ह्यांनी माझं नाव जन्मात एकदाच घेतलं, तेही सरकारी कामात. सगळे हसायचे, मीही हसायचो.

गेल्या पौषात ती गेली. आजार मोठा होता, फार दिवस चालला. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

ओढ्याकाठचं शेत तिच्या नावावर होतं. वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. आता हद्द पुन्हा बदललीय. उमरदरी फाट्यावरच नवं कोर्ट झालंय, तीन मजली, गावातून चालत जाता येतं. केवळाबाईंना आयुष्यभर जे लांब पडलं ते त्यांच्या चुलीजवळ येऊन थांबलं. तारखेला मी आणि रंगनाथ गेलो. तो आत जागा बघायला गेला, मी बाहेर ओसरीत बाकावर बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी तो मला शोधत आला.

"बाबा, इथं बाहेर कशाला बसलात?"

"हाक यायची आहे ना अजून."

"इथं पुकारा नसतो बाबा. ते बघा, वर दिसतं."

भिंतीवर टीव्हीसारखा बोर्ड होता. नावं येत होती, जात होती. कोणी मान वर करून बघायचं आणि उठून आत जायचं. आवाज कुणाचाच नव्हता. मी बघत होतो आणि तिचं नाव आलं. पूर्ण नाव, द्वारका भानुदास गवारे. सगळ्यात वर, एकटं. इतर एक नाही. पुढं मयत असं लिहिलं होतं.

रंगनाथ म्हणाला, चला, आपलाच नंबर आहे.

मी उठून दारापर्यंत गेलो. पण आत न जाता वळलो आणि बाहेर तोंड करून उभा राहिलो. आवाज आता पहिल्यासारखा राहिला नाही. तरी ओसरीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण माणसं बोलायची थांबली. तिचं नाव घेतलं. मग दुसऱ्यांदा घेतलं. मग तिसऱ्यांदा. आतला तरुण शिपाई धावत आला, पण रंगनाथनं त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

तिसऱ्या हाकेनंतर मी थांबलो. इथं लिंब नाही. गाड्या लावतात त्याच्या पलीकडं एक बाभूळ आहे. तिथून बाईमाणसाला उठायला, पदर नीट करायला, चालत दाराशी येऊन चपला काढायला जेवढा वेळ लागेल, तेवढा थांबलो.

मग आत जाऊन सांगितलं, "कोणी नाही, साहेब."